सीनिअर बोलच्या सरावातून खेळाडूची पारख कशी करावी?

प्रश्न – ड्राफ्टवेडा

नमस्कार. अलाबामातील मोबील येथे ड्राफ्टपूर्वी (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेपूर्वी) होणाऱ्या सीनिअर बोल या कॉलेज खेळाडूंच्या सामन्याच्या आठवड्यातील सरावाच्या चित्रफिती मी बारकाईने पाहतो. त्यात एखादा पास रशर (क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर, धावून जाणारा बचावपटू) समोरच्या टॅकलला (त्याला अडवणाऱ्या, फळीच्या कडेच्या खेळाडूला) दोन पावलांत मागे टाकतो, एखादा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) कॉर्नरबॅकला (त्याला रोखणाऱ्या बचावपटूला) जागच्या जागी चकवतो, आणि त्या काही सेकंदांच्या तुकड्यावरून तो खेळाडू पहिल्या फेरीत निवडला जाणार अशी चर्चा सुरू होते. कॉलेजच्या तीन-चार हंगामांची फिल्म (सामन्यांचे चित्रण) उपलब्ध असताना या तीन दिवसांच्या सरावाला किती वजन द्यावे? शनिवारच्या प्रत्यक्ष सामन्याला सरावापेक्षा अधिक महत्त्व द्यावे की कमी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – तिसरा डाऊन

आपण ज्या चित्रफिती पाहता त्या बहुतेक वन-ऑन-वन, म्हणजे एकास एक, सरावाच्या असतात, आणि या सरावाची रचनाच एका बाजूला झुकलेली असते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. पास रशच्या वन-ऑन-वनमध्ये टॅकलच्या मदतीला शेजारचा गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा अडवणारा खेळाडू) नसतो, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) नसतो आणि चेंडू झटपट फेकला जाण्याची शक्यताही नसते. रशरला मात्र धावेचा खेळ रोखण्याची चिंता न करता थेट क्वार्टरबॅकच्या जागेकडे झेपावता येते. रिसीव्हरच्या बाबतीतही तसेच आहे. त्याच्यासाठी जवळजवळ संपूर्ण मैदान मोकळे असते आणि क्वार्टरबॅकवर दबाव नसल्याने त्याला हवा तेवढा वेळ मिळतो. त्यामुळे रशर किंवा रिसीव्हर जिंकला तर ते अपेक्षितच समजावे. लाइनमन (टॅकल, गार्ड असा फळीतला अडवणारा खेळाडू) किंवा कॉर्नरबॅक सातत्याने जिंकत असेल, तर ती खरी दखल घेण्याजोगी गोष्ट आहे.

२०१४ चा आठवडा या दृष्टीने पुन्हा पाहावा असे मी आग्रहाने सुचवेन. पिट्सबर्ग विद्यापीठाचा ॲरन डोनाल्ड कॉलेज हंगामातील मोठे बचाव पुरस्कार जिंकून आला होता, तरीही सहा फुटांच्या आसपासची उंची एनएफएलच्या इंटिरिअर लाइनमध्ये, म्हणजे फळीच्या मधल्या भागात, पुरेल का, ही शंका शिल्लक होती. मोबीलमध्ये त्याने एकामागून एक लाइनमन निष्प्रभ केले. म्हणजे फिल्ममध्ये दिसलेली गोष्ट अधिक तगड्या प्रतिस्पर्ध्यांसमोरही टिकते, हे त्या आठवड्याने दाखवून दिले. त्याच सरावात नोत्र दामचा टॅकल झॅक मार्टिनही होता. टॅकलच्या हाताची लांबी साधारण ३४ इंच असावी असा संघांचा जुना संकेत आहे आणि मार्टिनचे हात त्याहून बरेच आखूड होते. म्हणून तो गार्ड म्हणून कसा दिसेल, याकडे सर्वांचे लक्ष होते. त्या वर्षी डोनाल्ड १३ वा आणि मार्टिन १६ वा निवडला गेला. मार्टिनची पुढची कारकीर्द डॅलस संघासाठी, जवळजवळ सर्व काळ गार्ड म्हणून घडली.

सामन्याविषयी थोडक्यात सांगतो. बचावाच्या डावपेचांवर मर्यादा असतात, खेळाडू सतत बदलले जातात आणि काही जण सराव संपताच परततात. २०१६ च्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू डॅक प्रेस्कॉट चौथ्या फेरीपर्यंत थांबला आणि पहिल्याच हंगामात डॅलसचा मुख्य क्वार्टरबॅक झाला. २०१८ चा सर्वोत्तम खेळाडू काइल लॉलेटाही चौथ्या फेरीतच निवडला गेला, पण त्याला लीगमध्ये जम बसवता आला नाही. त्याच आठवड्यात मोबीलमध्ये असलेल्या बेकर मेफिल्ड आणि जॉश ॲलन यांची निवड अनुक्रमे पहिल्या आणि सातव्या क्रमांकावर झाली. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूच्या सन्मानावरून काही ठरवता येत नाही.

उत्तर – लाइन ऑफ स्क्रिमेज

वरील विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. हा आठवडा फिल्मची केवळ खातरजमा करतो, असे सर्वच खेळाडूंविषयी म्हणता येणार नाही. लहान कॉलेजच्या खेळाडूसाठी हाच आठवडा मुख्य पुरावा ठरतो, कारण त्याच्या फिल्ममध्ये समोरचा प्रतिस्पर्धी उद्या एनएफएलमध्ये दिसणाऱ्या खेळाडूंच्या जवळपासही नसतो. क्विन माइनर्झ हे याचे उत्तम उदाहरण. तो विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर या तिसऱ्या विभागातील महाविद्यालयाचा गार्ड. साथीमुळे त्याचा २०२० चा हंगामच झाला नाही. २०२१ मध्ये मोबीलला आल्यावर तो सेंटरच्या (फळीच्या मध्यभागी राहून चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या), म्हणजे त्याच्यासाठी नव्या, जागेवर उभा राहिला आणि मोठ्या विद्यापीठांच्या डिफेन्सिव्ह टॅकलना (बचाव फळीतल्या मधल्या खेळाडूंना) रोखू लागला. डेन्व्हरने त्याला ९८ व्या क्रमांकावर घेतले आणि २०२४ मध्ये तो ऑल-प्रो, म्हणजे लीगमधील सर्वोत्तमांत गणला गेलेला, गार्ड ठरला.

अशा खेळाडूकडे पाहताना मी पहिल्या दिवसाच्या निकालाला फारसे महत्त्व देत नाही. मंगळवारी तो एखाद्या चालीला फसला, तर बुधवारी तीच चाल समोर आल्यावर त्याचे पाय आणि हात कोणत्या क्रमाने हलतात, प्रशिक्षकाने केलेली सूचना पुढच्याच खेपेला दिसते का, आणि हरल्यावर तो रांगेत पुन्हा पुढे येतो की मागे सरकतो, हे मी पाहतो. शक्य असेल तर संकलित तुकड्यांऐवजी संपूर्ण सराव पाहावा, कारण तुकड्यांत हरलेल्या खेपा गाळलेल्या असतात.

प्रश्नकर्ता – ड्राफ्टवेडा

दोघांचेही मनापासून आभार. क्वार्टरबॅकविषयीही काही सांगावे. त्यांच्याबाबत मला सर्वाधिक गोंधळ वाटतो.

उत्तर – तिसरा डाऊन

क्वार्टरबॅकबाबत हा आठवडा सर्वांत कमी सांगतो, असे माझे ठाम मत आहे. अनोळखी रिसीव्हर, काही दिवसांत शिकलेले मोजके प्ले (ठरवलेल्या चाली), आणि सरावात त्याला धक्का लावण्याची बचावाला मुभा नाही. पॉकेट (लाइनमननी क्वार्टरबॅकभोवती उभे केलेले संरक्षण) कोसळत असताना तो काय निर्णय घेतो, हा खरा प्रश्न तेथे विचारलाच जात नाही. चेंडूचा वेग, फेकण्याची ढब आणि हडलमधील (चालीपूर्वीच्या खेळाडूंच्या घोळक्यातील) वावर एवढेच नीट दिसते. ईस्ट-वेस्ट श्राइन या अशाच ड्राफ्टपूर्व सामन्यात क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी २००० मध्ये खेळला आणि ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये. सर्व संघांचे स्काउट (खेळाडूंची पारख करणारे) समोर बसलेले असूनही ब्रेडीची निवड १९९ व्या आणि पर्डीची २६२ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या, क्रमांकावर झाली.

याउलट रिसीव्हरच्या बाबतीत, वर सांगितलेला झुकाव लक्षात घेऊनही, मी रूटच्या (रिसीव्हरच्या धावण्याच्या ठरलेल्या मार्गाच्या) बारकाव्यांना बरेच वजन देतो. २०१७ मध्ये ईस्टर्न वॉशिंग्टनच्या कूपर कपने मोबीलमध्ये दिशा बदलण्याच्या क्षणी बचावपटूपासून वारंवार अंतर निर्माण केले. त्यानंतर इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टपूर्व शारीरिक चाचण्यांत) ४० यार्डांसाठी त्याला ४.६२ सेकंद लागले आणि तो ६९ व्या क्रमांकापर्यंत उतरला. २०२१ च्या हंगामात झेल, यार्ड आणि टचडाऊन या तिन्हींत तो लीगमध्ये अव्वल होता. त्याचा वेग स्टॉपवॉचवर कमी भरला, पण वेग कमी करून पुन्हा वाढवण्याची त्याची हातोटी मोबीलच्या सरावात सर्वांसमोर होती. आपण यंदा रिसीव्हर पाहताना चेंडू हवेत जाण्यापूर्वीची दोन पावले पाहावीत. झेल झाला की नाही, हे नंतर पाहिले तरी चालेल.