गळाची लांब फेक हवी? रॉड बदलू नका, दोरी बदला

कण्हेरकाठ (सातारा):
गेल्या रविवारी कण्हेर धरणाच्या पाण्यावर मासे धरणारे तिघं भेटले. तिघांकडं नवे कोरे दहा फुटी रॉड, आणि तिघांचंही शिसं (गळासोबतचं वजन) माझ्या जुन्या सात फुटीच्या अलीकडं पडत होतं. गोम रीलमध्ये होती. स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायचा गोल भाग, अर्धाच भरलेला. दोरी कडेपासून खोल असली की सुटताना प्रत्येक वेढा कडेला घासत वर चढतो आणि फेकीचा जोर तिथंच मरतो. कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली राहील इतकी भरा. त्याहून जास्त भरली तर वेढे एकदम सुटतात, मग बसा गुंता सोडवत. ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी, महाग वाटते? तळाला जुनी तंगूस (एकसलग नायलॉनची) दोरी गुंडाळा, वर शंभर-सव्वाशे मीटर ब्रेड. पैसे आधी दोरीत घाला, रॉड सगळ्यात शेवटी. पटत नसेल तर भांडा.

हरिपूरचा गळ (सांगली):
अवो पण एवढं लांब फेकून करायचंय काय? आमच्या संगमाला काठ उभा, चार हातांवर खोल पाणी. नदी गढूळ होऊन जोरात वाहायला लागली की मासा कडंच्या संथ पाण्यात येतो. तुमचा गळ पार तिकडं, मासा पायाशी! वर कणकेचा गोळा जोरात भिरकावला की गोळा एकीकडं नि गळ एकीकडं.

कण्हेरकाठ:
अण्णा, मे महिन्यात धोम-कण्हेरला या. पाणी मागं सरलेलं, उतार इतका सपाट की लांबवर गुडघाभरच पाणी. पुढं जायचं म्हणून गाळात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. कणकेचं मान्य. पण लूरला, म्हणजे खोट्या आमिषाला, ती अडचण नाही.

वाईचा घाट:
दोघंही हाताबद्दल बोललाच नाहीत. शिसं टोकाला चिकटवून फेकलं तर रॉड नीट वाकत नाही, आणि न वाकलेला रॉड फेकणार काय? हातभर लोंबू द्या. सगळे उजव्या हातानं नुसतं ढकलतात. डाव्यानं रॉडच्या मुठीचं बूड पोटाकडं खेचायचं असतं, निम्मं काम तिथं आहे. दोरी धरलेलं बोट लवकर सुटलं तर शिसं आभाळात, उशिरा सुटलं तर पुढ्यातच धप्प. शाळेत 45 अंश शिकवतात, पण समोरून वारा असेल तर त्याहून खालून सोडा, नाहीतर दोरीला पोट पडतं. मी आठवडाभर मोकळ्या मैदानात गळ काढून नुसतं शिसं फेकलं. 41 पावलांवरून 58 वर गेलो. दोरी तीच, रॉड तोच, खर्च शून्य.

कण्हेरकाठ:
दोरी किती जाडीची?

वाईचा घाट:
0.35 मिलिमीटर, तंगूस.

कण्हेरकाठ:
0.16 ची ब्रेड लावा, मग पावलं मोजून सांगा.

कातळावरचा (पाटण):
आणि कातळाला घासून तुटली की कोण भरून देणार? आमच्याकडं काळा दगड आहे, ब्रेड एका घासणीत जाते. बोटही कापलं होतं माझं, आठ दिवस चिकटपट्टी. रॉडवर शिशाचं वजन 10-30 ग्रॅम लिहिलेलं असताना दुकानदार म्हणाला, 'काय होत न्हाय, टाका सत्तर.' तिसऱ्या फेकीला टोक तुटून पाण्यात. सगळ्यात आधी रॉडवरचा आकडा वाचा, ब्रेड राहू द्या.

कण्हेरकाठ:
भावा, म्हणून तर ब्रेडच्या पुढं जाड तंगुसाचा तुकडा, म्हणजे लीडर, बांधायचा, रॉडच्या दुप्पट लांब. गाठ स्पूलवर राहते, झटका लीडर घेतो, बोटही वाचतं आणि कातळालाही तोच घासतो. सत्तर ग्रॅमचं मात्र खरंय, तिथं माझी दोरी काय करणार!

हरिपूरचा गळ:
काल पोराची ब्रेड लावून बघितली. लांब गेली, खोटं कशाला बोलू. गेली ती नावेच्या दोरात अडकली, सोडवायला नावाड्याला चहा पाजावा लागला. चिलापी मात्र काठालाच घावली. पाच.