मदत हवी आहे : कबड्डीपटूचा वारंवार निखळणारा खांदा – बँकार्ट की लाटार्जे?

माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा असून जिल्हा पातळीवर कबड्डी खेळतो. तो कोपरारक्षक असल्यामुळे चढाईपटूचा पाय धरताना त्याचा हात बाहेर आणि मागे ओढला जातो आणि उजवा खांदा पुढच्या बाजूने निखळतो. हल्ली तर झोपेत कूस बदलतानाही तो सटकतो. एमआरआयमध्ये खांद्याच्या खोबणीच्या पुढच्या कडेचे लॅब्रम, म्हणजे खोबणीच्या काठाची मऊ कूर्चेची कड, सुटलेले दिसले. सीटी स्कॅननुसार खोबणीचे हाड सुमारे १७ टक्के झिजले आहे आणि दंडाच्या हाडाच्या डोक्याला मागून खाच पडली आहे.

एका शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीतून बँकार्ट शस्त्रक्रिया, म्हणजे सुटलेले लॅब्रम अँकरने (हाडात बसवायच्या छोट्या खिळीने) पुन्हा हाडाला जोडणे, सुचवली आहे. दुसऱ्यांचा आग्रह लाटार्जेचा आहे, ज्यात कोरॅकॉइड (खांद्याच्या फऱ्याचे पुढे आलेले टोक) या हाडाचा तुकडा त्याला जोडलेल्या स्नायूंसह खोबणीच्या पुढच्या कडेवर स्क्रूने बसवतात.

हाड २० ते २५ टक्क्यांहून अधिक गेले असल्यास लाटार्जे करावी, याबाबत फारसा मतभेद दिसत नाही. आमची अडचण त्याच्या अलीकडची आहे. बाल्ग आणि ब्वालो या शल्यचिकित्सकांनी २००७ मध्ये मांडलेल्या गुणपद्धतीत वय, स्पर्धात्मक खेळ, अंगाला अंग भिडणारा खेळ, आणि साध्या एक्स-रेत दिसणारी खाच व कडेची झीज हे सारे धरले, तर भावाचे १० पैकी ९ गुण होतात; त्यांच्या रुग्णांत ६ पेक्षा अधिक गुण असणाऱ्यांपैकी ७० टक्के जणांचा खांदा बँकार्टनंतर पुन्हा अस्थिर झाला होता. हा आकडा वाचल्यापासून माझे मन लाटार्जेकडे झुकते आहे. मात्र तिच्यात मज्जातंतूला इजा होणे, हाडाचा तुकडा न जुळणे आणि स्क्रूचा त्रास हे धोके आहेत, आणि इतक्या कोवळ्या वयात ते पत्करावेत का, या विचाराने आई फार घाबरली आहे.

कबड्डी किंवा कुस्ती खेळणाऱ्या ज्यांची यांपैकी एखादी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा. पूर्ण ताकदीने पकड करायला किती महिने लागले, हात बाहेर फिरवण्याची कक्षा कितपत कमी झाली आणि खांदा पुन्हा निखळला का, हे समजल्यास मोठी मदत होईल. अस्थिरोग किंवा फिजिओथेरपी क्षेत्रातील जाणकारांना आणखी एक विचारायचे आहे : बँकार्टसोबत मागची खाच स्नायूबंधाने भरण्याची रेम्प्लिसाज ही जोड दिली, तर एवढी झीज असताना तेवढ्यावर भागेल का?