मक्याच्या पोंग्यातील अळी कोणती?

प्रश्न (चोपडा): कापूस उपटून मका पेरला. वीस दिवसांच्या पिकाच्या पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) ओल्या भुशासारखी विष्ठा साचली असून पान उलगडताच ओळीने छिद्रे दिसतात. ही खोडकिडा आहे का?

उत्तर (शिरपूर): भाऊ, अळीच्या डोक्यावर उलटा वाय (Y) आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके असतील, तर ती मूळची अमेरिका खंडातील लष्करी अळी होय. भारतात ती २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पसरली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडू शकत असल्याने एकट्याच्या फवारणीने भागत नाही. शेजाऱ्यांनाही कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे) लावायला सांगा.

उत्तर (जामनेर): गेल्या वर्षी मी फवारणीला उशीर केला आणि अर्धे पीक गमावले, कारण मोठी अळी विष्ठेच्या बुचाखाली दडली की औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून पानांवरचे केसाळ आवरणाचे अंडीपुंज रोज हाताने चिरडा. एका पुंजात शंभर-दोनशे अंडी असतात. अळ्या लहान असतानाच, सायंकाळी, नोझल थेट पोंग्यात धरून फवारा.

प्रश्नकर्ता: चारही ठिपके स्पष्ट दिसले. उद्या पहाटेच अंडीपुंज वेचायला घेतो.