मदत हवी आहे : चिल्काच्या पासिंग आऊट परेडला आईला कसं न्यायचं?

नमस्कार. आम्ही पंचवटीत राहतो. धाकटा भाऊ नौदलात अग्निवीर आहे, ओडिशात आयएनएस चिल्काला ट्रेनिंग संपत आलंय. तिथली परेड सूर्यास्तानंतर होते, आणि आईला ती काहीही करून बघायचीय. पोराला पांढऱ्या गणवेशात पाहिल्याशिवाय मी शांत बसणार नाही म्हणते.

नाशिकरोडला तोफखाना केंद्र असल्यामुळे ओळखीत फौजी पुष्कळ, पण नौदलातलं एकही घर नाही. म्हणून इथे विचारतेय.

जवळचं स्टेशन बालुगाव. नाशिकरोडहून कुठे गाडी बदललेली बरी? आईचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. मुक्काम बालुगावला करावा की भुवनेश्वरला? परेड संपायला रात्र होईल, मग परत यायला वाहन मिळतं का?

आणि हो, आईने आत्तापासूनच बेसनाचे लाडू करायचं ठरवलंय. आत डबा नेऊ देतात का? त्याला तिथेच, तिच्या हातून एक लाडू भरवता आला तर फार बरं वाटेल. घरून गेला तेव्हा धड जेवलाही नव्हता.

कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.