मदत हवी आहे : रक्तातील शिसे आणि मुलीची मंदावलेली वाढ

माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या रक्तात प्रति डेसिलिटर 7 मायक्रोग्रॅम शिसे आढळले असून तिची उंचीही अपेक्षेपेक्षा कमी वाढली आहे. 5 मायक्रोग्रॅम किंवा अधिक पातळी असल्यास शिशाचा स्रोत शोधून संपर्क थांबवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण भिंतींचा जुना रंग, नळाचे पाणी की खेळणी, यांपैकी आधी काय तपासावे? लोह कमी असल्यास शिसे अधिक शोषले जाते, म्हणून फेरिटिनची (शरीरातील लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाची) तपासणी करून घेत आहोत. मला खरी काळजी वाटते ती हाडांत साठलेल्या शिशाची, कारण संपर्क थांबल्यावरही ते हळूहळू रक्तात उतरत राहते. अशा वेळी पुनर्तपासणी किती अंतराने करावी, आणि वाढ मंदावण्यामागे शिसेच आहे की थायरॉइडसारखे दुसरे कारण, हे कसे ठरवतात? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.