तिवरं लावली म्हणजे पाणथळ जागा वाचली का?

ऐरोलीकर: पाणथळ जागा वाचवायला सरकार हातावर हात ठेवून बसलंय म्हणणाऱ्यांनी मिष्टी योजना बघा. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातली, ५४० चौ. किमी कांदळवनाचं, म्हणजे तिवरांसारख्या खाडीकाठच्या खारफुटीचं उद्दिष्ट. नवी मुंबईत नेरूळच्या डीपीएस तलावातही तिवरं लावा, प्रश्न मिटेल.

खाजणवाला: हे वाचून तळपायाची आग मस्तकात जाते! डीपीएस तलावाला रोपं नकोत, भरतीचं पाणी हवंय. भरतीला खाडीतला चिखल बुडतो, तेव्हा फ्लेमिंगो या उथळ पाण्यात येऊन थांबतात. तिथे झाडी वाढली तर ते उतरणार कुठे? आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर तिवर तोडायला त्या न्यायालयाची परवानगी लागते. चुकीच्या जागी लावलं की कायमचं. खाडीचं पाणी तलावात आणणाऱ्या मोऱ्या बुजल्यात, त्या मोकळ्या करा.

सेक्टर ५०: पाणी सोडा म्हणायला काय जातं? आम्ही खिडक्या उघडू शकत नाही. डास तुम्ही घेऊन जाणार का?

खाजणवाला: डास साचलेल्या पाण्यात होतात. अळीचा डास व्हायला आठवडा तरी लागतो. दिवसातून दोनदा पाणी बदललं, सोबत मासे आत आले, तर अळी टिकत नाही. आजचे डास मोरी बंद असल्यामुळेच आहेत.

उरणचा: अर्धंच खरं. मोरीचा तळ उंच बसवला तर फक्त उधाणाचं, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचं पाणी आत येतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत खळग्यांत पाणी तसंच साचून राहतं, मग डास होणारच. तळ फार खाली गेला तर ओहोटीला तलाव रिकामा, चिखलाला भेगा. तोंडाशी जाळी नसेल तर प्लास्टिकने मोरी पुन्हा तुंबते.

सेक्टर ५०: म्हणजे डास होतात हे कबूल! तेवढंच म्हणत होतो.

ऐरोलीकर: सगळे डासांवरच घसरलात. तलावापुरती माझी सूचना मागे घेतो, बस. पण बोडक्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, मुख्य चर, त्याला तिरके फाटे, फाट्यांच्या काठाने रोपं, ही पद्धत चालते. ती कशाला मोडीत काढता?

खाजणवाला: तिथेही आधी चर, मग रोप. चरात पाणी खेळलं नाही तर जमीन खारावते आणि रोप पहिल्याच उन्हाळ्यात जळतं.

सेक्टर ५०: आणि मोरीचा तळ नेमका कुठे? हवेतल्या गप्पा नकोत.

उरणचा: तलावाच्या तोंडाशी, खाडीच्या बाजूला, खुणांची पट्टी रोवा. अष्टमीच्या भांगाला भरती जिथवर चढते, तिथे खूण करा. मोरीचा तळ त्या खुणेच्या खाली, पण तलावाच्या तळाहून वीतभर वर. गाळाने तलावाचा तळच त्या खुणेपर्यंत आला असेल, तर आधी गाळ काढा.