सहा दिवस, एक गाडी आणि तेरा किल्ले: अति होतंय का?

सई_पु

नमस्कार मंडळी. डिसेंबरात सहा दिवसांची सुट्टी जमवली आहे. पुण्याहून निघायचं, आमचीच गाडी. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा (गाडी लागते) आणि माझे बाबा.

हा सगळा घाट बाबांसाठी आहे. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल देव जाणे, पण स्वतः एकही जलदुर्ग पाहिलेला नाही. आधी सुट्ट्या पेपर तपासण्यात गेल्या, मग आईचं आजारपण. गेल्या वर्षी एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जिने चढतात, पण सावकाश, कठडा धरून.

मी केलेला आराखडा:
पहिला दिवस खांदेरी, कुलाबा. दुसरा कोर्लई, जंजिरा, पद्मदुर्ग. तिसरा बाणकोट, सुवर्णदुर्ग. चौथा अंजनवेल, जयगड, रत्नदुर्ग. पाचवा विजयदुर्ग, देवगड. सहावा सिंधुदुर्ग आणि रात्रीपर्यंत पुणे.

नकाशा म्हणतो, शेवटचा दिवस सोडला तर रोज पाच तासांच्या वर गाडी नाही. नवरा म्हणतो तू सहल नाही, मोहीम आखली आहेस. कोण बरोबर?

पंपशू

नवरा.

किनाऱ्याच्या रस्त्याला नकाशातल्या वेळेची दीडपट धरा. वळणं, चढउतार, गावातली अरुंद गल्ली आणि समोरून येणारी एसटी. मुलाला गाडी लागते म्हणता, तर त्याला पुढे बसवा आणि गुहागर-दापोली पट्ट्यात दर तासाला थांबा.

खाडीपलीकडे

सईताई, जरा लांबण लावतो. बँकेच्या बदल्यांमुळे मी चार वर्षं दापोलीला आणि तीन वर्षं मालवणला काढली. ही वाट तीनदा पूर्ण केली आहे, त्यातली पहिली फेरी साफ फसली.

फसली कशी, ते आधी ऐका. अलिबागला पौर्णिमेला दुपारी बाराला पोचलो. कुलाबा ओहोटीत चालत जाता येतो एवढं ऐकून होतो. समोर पाहतो तर किल्ल्याच्या तटाला लाटा धडकतायत आणि पुळणीवर घोडागाड्या सोडून घोडे सावलीत उभे. गाडीवाल्याने विचारलं, "आज तिथी काय?" मी म्हटलं पौर्णिमा. तो हसला आणि म्हणाला, "मग बाराला पाणी असणार नाय तर काय!" त्याच्यासमोर इतका ओशाळलो की दुसरा प्रश्न विचारला नाही. संध्याकाळपर्यंत थांबायला वेळ नव्हता. किल्ला दुरून पाहून पुढे गेलो.

तुमच्या आराखड्यात नेमकं हेच राहिलंय. किलोमीटर मोजलेत, पाणी मोजलं नाही. किनाऱ्यावर नकाशा नंतर, पंचांग आधी.

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा: भरती सहाला, ओहोटी बाराला. दोन्ही पक्षांना तेच. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकतं. दक्षिणेला, मालवणकडे, भरती थोडी आधी येते आणि पाण्याची चढउतारही अलिबागपेक्षा बरीच कमी असते. तिथीची क्षय-वृद्धी होते (एखादी गळते, एखादी दोन दिवस चालते) म्हणून निघण्याआधी भरतीचं कोष्टक पाहून खात्री करा, पण आखणीला पाऊणपट पुरते.

आणखी एक. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. ओहोटीची वेळ दुपारची, सोयीची वाटते, पण पाणी पुरतं मागे जात नाही. अशा दिवशी कुलाब्याला गुडघाभर पाण्यातून जावं लागू शकतं, आणि बाबांचा गुडघा तुम्ही सांगितलाच आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, पाणी लांबवर हटतं, कोरडी वाट मिळते.

म्हणून माझा सल्ला: सहल उलटी करा. पुण्याहून नवमीला निघा, थेट मालवण. गगनबावडा किंवा फोंडा घाटाने दिवसभराचा प्रवास आहे, तो पहिल्या दिवशी ताजेतवाने असताना उरकतो. मग वर वर सरकत सहाव्या दिवशी, चतुर्दशीला, अलिबाग. चौदाची पाऊणपट साडेदहा, त्यातून पुढे सहा तास, ओहोटी साडेचारला. तुम्ही साडेतीनला चालायला लागा, साडेपाचच्या आत परत पुळणीवर या. अलिबागहून पुणे जवळ, त्यामुळे शेवटच्या रात्रीचा तो मालवण-पुणे जीवघेणा पल्ला वाचतो. तेवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा उलटं करावं.

दुसरं कारण बाबा. सिंधुदुर्ग पहिला ठेवा, शेवटचा नको. शेवटच्या दिवशी सगळे शिणलेले असतात आणि डोळ्यांत परतीचं घड्याळ असतं. मालवणच्या धक्क्यावरून सकाळची पहिली होडी पकडा. दरवाजा होडीतून दिसत नाही, दोन बुरुजांच्या मध्ये वळल्यावरच उघडतो. आत सपाटी आहे, बाबांना अडचण नाही. तटावर चढायचा हट्ट धरला तर एकाच जिन्याने चढा-उतरा, सबंध तट फिरू नका. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन विहिरी दाखवा, चहूकडे खारं पाणी आणि आत गोडं. आणि चुन्यात उमटलेले हाताचे नि पायाचे ठसे. तिथे त्यांना घाई करू नका, एवढंच सांगतो.

दुपारी निघून मुक्काम विजयदुर्गाला. तिथे गाडी पार दरवाज्याजवळ जाते. तिहेरी तटबंदी सकाळच्या उन्हात पाहा. तिसऱ्या दिवशी एकादशी, म्हणजे दुपारी दीड-दोनला सुकती, पूर्ण ओहोटी. त्या वेळी वाघोटण खाडीत मराठ्यांच्या आरमाराची जुनी गोदी पाहून मगच पुढे निघा. किल्ला सगळे पाहतात, गोदीकडे कुणी फिरकत नाही. जहाजं डागडुजीसाठी भरतीला आत घ्यायची आणि ओहोटीला कोरडी पडू द्यायची, ही युक्ती पाणी उतरलेलं असतानाच डोळ्यांना कळते.

मग रत्नागिरी मुक्काम. चौथा दिवस जयगड, दोन खाड्या फेरीबोटीने, मग हर्णै. पाचव्या दिवशी सकाळी सुवर्णदुर्ग. उतरताना पाय ओले होतात, होडी हलते. बाबांना जमेल की नाही ते तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला विचारा, तो माणूस पाहून सांगतो. जमलं नाही तर हर्णैच्या कनकदुर्गावरून किंवा गोवागडावरून सुवर्णदुर्ग समोर दिसतो. गेलातच तर दरवाज्याच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीतला मारुती चुकवू नका. सहावा दिवस जंजिरा आणि कुलाबा.

गाळायचे: खांदेरी, पद्मदुर्ग, कोर्लई, अंजनवेल, देवगड. बाणकोट वाटेवर आहे, वेळ उरला तर. खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत आहे हे मान्य, पण थळहून होडी करावी लागते, त्याला स्वतंत्र दिवस द्या. पद्मदुर्ग गाळताना माझा जीव तुटतो. तिथल्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेलेत आणि मधला चुना तसाच बाहेर उभा आहे, भिंत मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसते. बोट घातलं तर पेरभर आत जातं. पण समुद्र शांत हवा, होडीवाला तयार हवा, आणि तुमच्याकडे एकच सकाळ आहे.

पंपशू

वरच्या आखणीत जंगलजेट्टी (फेरीबोटी) चार येतात, त्या अशा: जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, बागमांडला-वेश्वी, दिघी-आगरदांडा. गाडीसकट तरीत चढायचं. शनिवार-रविवारी रांग लागते. एकदा आम्ही वेश्वीच्या बाजूला दीड तास उभे होतो, पुढच्या गाडीतल्या आजोबांनी तेवढ्या वेळात डुलकी काढून घेतली. शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवा, चुकली तर खाडीला वळसा घालून जाताना रात्र होते. आणि मुलाला तरीवर गाडीतून खाली उतरवा, वारा लागला की मळमळ जाते.

दुर्बीण

विजयदुर्गाबद्दल एक भर. तिथे 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि सांगतात की लॉकयर साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इथे बसून हेलियम शोधला. ग्रहण खरं, इथून निरीक्षण झालं तेही खरं. पण लॉकयर तेव्हा इंग्लंडात होता. त्याने ऑक्टोबरात तिकडूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेघ पाहिली. या शोधात ज्याचं नाव त्याच्यासोबत घेतात तो जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञही ग्रहणाच्या दिवशी इथे नाही, गुंटूरला होता.

तुमचे बाबा इतिहासाचे शिक्षक आहेत म्हणून सांगतोय. ओट्यांवर बसा, पण गाईडशी वाद घालू नका. मी घातला होता. बायको तासभर बोलली नाही.

सई_पु

खाडीपलीकडे काका, किती मनापासून लिहिलंत. आराखडा फाडला. दोन शंका. जंजिऱ्याला बाबांना होडीतून उतरणं जमेल का? आणि पाच किल्ले गाळले हे त्यांना कसं सांगू?

खाडीपलीकडे

राजपुरीहून शिडाची होडी जाते. अवघड जागा एकच, दरवाज्याच्या पायऱ्यांशी. होडी वरखाली होते आणि ती वर आली की पाऊल टाकायचं असतं. चतुर्दशीला सकाळी साडेदहाला पूर्ण भरती, तेव्हा नऊ-साडेनऊला पोचलात तर पाणी वर असेल, पायऱ्या कमी चढाव्या लागतील. जावईबापूंना आधी उतरवा, बाबांना मधे घ्या, हात दोन्हीकडून. भरलेली होडी असेल तर सगळ्यांत शेवटी उतरा, मागून कुणी रेटत नाही. आणि तिथेही आत शिरताना डावी-उजवीकडे पाहा, हत्तींना पंजात धरलेला प्राणी कोरलाय, लोक पायऱ्यांच्या धास्तीत तो न बघताच आत जातात.

पाणी खवळलेलं वाटलं तर जाऊ नका. बाबांना काठावर बसवून सांगा की शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांनाही हा घेता आला नाही. तो धडा त्यांनी स्वतःच शिकवलाय.

गाळलेल्या किल्ल्यांचं काही सांगू नका. यादी त्यांच्याच हातात द्या नि म्हणा, यातले निम्मे काढा. शिक्षक माणूस आहे, पोर्शन कसा कापायचा ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

सई_पु

दिली यादी. खांदेरी आणि देवगड त्यांनी न बोलता खोडले. पद्मदुर्गाशी बराच वेळ थांबले आणि बाजूला प्रश्नचिन्ह केलं. तुमचा पोळ्यासारख्या भिंतीचा परिच्छेद मी वाचून दाखवायला नको होता.

मग तिथीचा हिशेब सांगितला. मी फोनवर गणकयंत्र उघडत होते, तोवर ते म्हणाले, "चौदा पाऊण साडेदहा." लहानपणी पाऊणकी पाठ केली होती म्हणे, साठ वर्षांत पहिल्यांदाच उपयोग झाला. आता नातवाला समोर बसवून घेतलंय. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. मुलगा वैतागलाय, पण नवमी कोणत्या तारखेला येते ते त्यानेच शोधून भिंतीवर लिहिलं.